दलालाचा वकील, बँकेचा वकील आणि आपला वकील

वारज्याहून एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. थोडं कापून देते:

"काकू, नमस्कार. आम्ही दोघंही नोकरी करतो, भाड्यानं राहतो. धायरीत एक टू बीएचके पसंत पडलाय. रीसेल आहे, इमारत २०११ ची, सौदा ५८ लाखांवर आलाय. फ्लॅट आधी मालकाच्या वडिलांच्या नावावर होता, ते वारले, पण मुलगा नॉमिनी होता आणि सोसायटीनं शेअर सर्टिफिकेट त्याच्या नावावर करून दिलंय, म्हणजे तो प्रश्न नाही. एजंट म्हणतो, वकिलापासून लोनपर्यंत सगळं मी करून देतो, फक्त रविवारपर्यंत दोन लाख टोकन द्या, दुसरी पार्टी थांबलीय. बँकेतला माणूस म्हणतो, आमचा वकील कागद बघतोच, तुम्ही वेगळा करून पैसे वाया घालवू नका. सासरे म्हणतात, आम्ही १९९१ साली कोथरूडला घर घेतलं तेव्हा कुठे होता वकील! आणि नवऱ्याचा मित्र म्हणतो, रीसेलच्या भानगडीत पडूच नका, रेरा नंबर असलेली नवी स्कीम घ्या, काही बघावंच लागत नाही. आम्ही पहिल्यांदाच घर घेतोय. कोणाचं ऐकू? कोणाला किती पैसे द्यायचे असतात?"

अगं, पत्र दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात वाटलं, नेहमीचाच प्रश्न आहे, वकील करावा की नाही. दुसऱ्यांदा वाचताना एका ओळीशी अडले. "म्हणजे तो प्रश्न नाही." तोच तर प्रश्न आहे! एजंट, बँक, सासरे, मित्र यांच्या वादात तू जी गोष्ट एका वाक्यात उरकलीस, तिच्यावर तुझे ५८ लाख टांगलेले आहेत. म्हणून आधी ती.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सोसायटीला कुणाशी तरी पत्रव्यवहार करावा लागतो, मेंटेनन्स कुणाकडून तरी घ्यावा लागतो, म्हणून माणूस गेल्यावर ती नॉमिनीचं नाव लावते. महाराष्ट्राच्या सहकार कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनं तर हे स्पष्टच केलं आहे: वारस ठरेपर्यंत नॉमिनी हा तात्पुरता सभासद. वडिलांनी मृत्युपत्र केलं नसेल, तर हिंदू वारसा कायद्यानं त्यांची पत्नी, मुलगे, मुली आणि त्यांची आई हयात असेल तर तीही, अशा सगळ्यांचा त्या फ्लॅटमध्ये सारखा हिस्सा आहे. लग्न होऊन नागपूरला गेलेल्या मुलीचासुद्धा. तुझ्या या मालकाला बहीण आहे का? आई आहे का? एखादा भाऊ? पत्रात काहीच नाही, म्हणजे एजंटनं सांगितलं नाही आणि तुम्ही विचारलं नाहीत. असतील, तर एकतर त्यांनी मुलाच्या नावे हक्कसोड पत्र करून ते रजिस्टर करायला हवं, नाहीतर करारनाम्यावर "मान्यता देणार" म्हणून किंवा थेट "लिहून देणार" म्हणून सह्या करायला हव्यात. साध्या कागदावरचं "माझी काही हरकत नाही" इथे चालत नाही. आणि शंभर-पाचशेच्या स्टँपपेपरवरची नोटरीसुद्धा नाही.

आता हे तुला कुणी सांगायला हवं होतं? तुझ्याभोवती चार सल्लागार आहेत. चौघांतल्या एकानंही सांगितलं नाही. चौघंही वाईट नसतील, बहुधा नाहीतच. पण प्रत्येकाला आपण एक गोष्ट विचारली पाहिजे: बाबा, तुला पैसे कोण देतं, आणि हा सौदा मोडला तर तुला किती मिळतात?

एजंटपासून सुरू करू. पुण्यात रीसेलला एजंट सहसा दोन टक्क्यांची अपेक्षा धरतो, घासाघीस होते, पण धर दोनच. ५८ लाखांवर १ लाख १६ हजार. बऱ्याचदा विकणाऱ्याकडूनही घेतो. सौदा झाला तर मिळतात, मोडला तर शून्य. मग त्यानं नागपूरच्या बहिणीचं नाव काढावं तरी का? तरीही मी एजंटच्या विरोधात नाही, हे मुद्दाम लिहिते. चांगला एजंट त्या रस्त्यावरच्या चार इमारतींचे खरे भाव जाणतो, कुठल्या विंगला दुपारी पाणी येत नाही हे जाणतो, विकणारा कुठे अडून बसेल आणि कुठे पन्नास हजार सोडेल हे त्याला कळतं. सोसायटीचं थकबाकी नसल्याचं पत्र, रजिस्ट्रेशनची वेळ, साक्षीदार, ही धावपळही तोच करतो. त्याबद्दल त्याला पैसे जरूर दे. फक्त किती आणि कधी, हे आज लिहून घे. अर्धे करारनामा रजिस्टर झाल्यावर, अर्धे किल्ली हातात आल्यावर, अशी मागणी रास्त आहे. दोन्हीकडून घेतोस का, हेही तोंडावर विचार. लाजू नकोस, त्याला या प्रश्नाची सवय असते. महारेराकडे, म्हणजे घरबांधणीच्या रेरा कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, नोंदणी आहे का तेही बघ. एजंटचा नंबर 'ए' अक्षरानं सुरू होतो आणि साइटवर तपासता येतो. तुमची इमारत रेराच्या आधीची, त्यामुळे तिच्या सौद्यासाठी त्याला तो नंबर कायद्यानं लागेलच असं नाही. पण आता महारेरानं एजंटना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली आहे, तेव्हा नंबर असलेला माणूस निदान एवढं करून आलेला असतो.

मात्र त्याचा वकील घेऊ नकोस. इथे मी माझंच रडगाणं सांगते.

आम्ही १९९९ साली कर्वेनगरला रीसेलचा फ्लॅट घेतला. एजंटच्याच ऑफिसात, एका टेबलापलीकडे, त्यांचे वकीलसाहेब बसायचे. आम्ही टोकन दिलं आणि खुर्ची वळवून तिकडे बसलो. त्यांनी फाइल उघडली, सात-आठ मिनिटं चाळली, "सब क्लिअर" म्हणाले आणि चहा मागवला. फाइलमध्ये बिल्डरनं पहिल्या मालकाला करून दिलेला करारनामा होता, त्याची झेरॉक्स. एक पान सेलोटेपनं चिकटवलेलं. "ओरिजिनल?" असं ह्यांनी विचारलं, तर "बँकेत आहे, येईल" असं उत्तर मिळालं. आलं नाही. आम्हीही संसारात विसरलो. २०१० साली तो फ्लॅट विकायला काढला तेव्हा घेणाऱ्याच्या वकिलीणबाईंनी पहिल्या पाच मिनिटांत तेच विचारलं: पहिला मूळ करारनामा कुठे आहे? पहिल्या मालकाचा पत्ता नाही. मग पोलिसांत हरवल्याची तक्रार, पेपरात जाहीर नोटीस, दुय्यम निबंधकांकडून, म्हणजे दस्त नोंदवणाऱ्या अधिकाऱ्यांकडून, प्रमाणित प्रत, त्यात चार महिने. पहिला गिऱ्हाईक तोवर कंटाळून गेला. आणि ते आमचे "सब क्लिअर" वकीलसाहेब? त्यांनी लेखी काहीच दिलेलं नव्हतं, त्यामुळे त्यांना विचारणार तरी काय.

आता बँकेचा वकील. हा मुद्दा जरा नीट समजून घे, कारण इथे शिकलेली माणसंही फसतात. बँकेच्या पॅनलवरचा वकील कागद बघतो हे खरं आहे, आणि त्यानं नकार दिला तर तो मोठा इशारा मानायचा हेही खरं. पण त्याचा अहवाल बँकेसाठी असतो. फी "लीगल-टेक्निकल" नावाखाली तुझ्याकडून घेतात, आणि अहवाल मागितलास तर बहुतेक वेळा "इंटर्नल आहे मॅडम" असं ऐकायला मिळतं. त्याच्यापुढचा प्रश्न एवढाच असतो: उद्या हप्ते थकले तर ही मालमत्ता विकून बँकेचे पैसे निघतील का? तुझा प्रश्न वेगळा आहे. तुला तिथे राहायचंय, पोरं वाढवायची आहेत आणि पंधरा वर्षांनी कटकटीशिवाय विकायचंय. पार्किंग करारात आहे की नुसतं तोंडी आहे, गॅलरी बंद करून खोली केली आहे ती मंजूर नकाशात आहे का, सोसायटीच्या नावावर जमीन झाली आहे की अजून बिल्डरच्याच नावावर आहे, ही तुझी दुखणी आहेत. बँकेचा वकील ती बघेलच असं नाही.

आणि तुझ्याशी जो बोलतोय तो "बँकेतला माणूस" खरंच बँकेचा नोकर आहे का? कार्ड बघ. पुष्कळदा तो कर्ज मिळवून देणारा एजंट असतो, ज्याला डीएसए म्हणतात, आणि त्याला बँक कमिशन देते. त्याच्याकडून काम करून घ्यायला हरकत नाही. पण कर्जासोबत तो विम्याची पॉलिसी चिकटवेल, "कंपल्सरी आहे" म्हणेल. तसा नियम नाही. कर्जाला विम्याचं कवच असावं की नसावं हा वेगळा विषय, टर्म पॉलिसी तुम्ही बाहेरूनही घेऊ शकता.

धायरी म्हटल्यावर आणखी एक गोष्ट माझ्या डोक्यात आली. धायरीसकट अकरा गावं २०१७ साली पुणे महापालिकेत आली. पीएमआरडीए, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, तेसुद्धा २०१५ चं. म्हणजे तुमची इमारत उभी राहिली तेव्हा तो भाग ग्रामपंचायतीचा असणार. त्या काळात अशा भागात रीतसर इमारतीला जिल्हाधिकारी कार्यालयाची परवानगी आणि नगररचना विभागानं मंजूर केलेला नकाशा लागायचा. पण त्याच काळात, त्याच रस्त्यावर, नुसत्या ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर चार-चार मजले चढलेले आहेत. बाहेरून दोन्ही इमारती सारख्याच दिसतात. लिफ्ट आहे, फरशी चकचकीत आहे, मिळकत कराचं बिलही येतं. कराचं बिल येतं म्हणजे इमारत अधिकृत, असं अजिबात नाही. महापालिका अनधिकृत बांधकामालाही कर लावते. तेव्हा बिनशेती आदेश, बांधकाम परवानगी, मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र, हे चार कागद मागायचे. एक घरगुती चाचणीही सांगते: सेक्रेटरींना भेट आणि सहज विचार, इथे कोणाकोणाच्या बँकेची लोनं चालू आहेत? दोन-तीन सरकारी बँकांची नावं आली तर बरं लक्षण. नुसत्या छोट्या फायनान्स कंपन्यांचीच नावं आली, तर कान टवकारायचे. ही चाचणी म्हणजे पुरावा नव्हे, पण वकिलाकडे जाण्याआधी अर्ध्या तासात आणि फुकटात होते.

मग आपला वकील कसा शोधायचा? बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलांना जाहिरात करता येत नाही. त्यामुळे मोबाइलवर जे सर्वांत आधी दिसतात ते सर्वांत चांगले असतील असं धरून चालू नकोस. तोंडी माहितीवरच जावं लागतं. ऑफिसातल्या कुणी गेल्या दोन-तीन वर्षांत सिंहगड रोड, धायरी, आंबेगाव या पट्ट्यात घर घेतलं असेल, त्यांना विचार. नात्यातला वकील असेलच, सगळ्यांना असतो. पण तो कौटुंबिक न्यायालयात घटस्फोट लढवत असेल तर त्याला लग्नाला बोलव, सर्चला, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदी तपासायला, नको. हवेली तालुक्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयांत ज्याचं रोज जाणं-येणं आहे आणि ज्याला गावठाण, गुंठेवारी, बिनशेती हे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत, असा माणूस हवा.

गेल्या वर्षी माझ्या भाचीसोबत मी अशाच एका वकिलीणबाईंकडे गेले होते. त्यांनी फ्लॅटचा फोटो बघितला नाही, किंमत विचारली नाही. शेअर सर्टिफिकेट हातात घेतलं आणि पहिल्यांदा उलटं केलं. मागच्या बाजूला हस्तांतरणाच्या नोंदी असतात, त्यावरून पेन्सिलचं टोक खाली नेत गेल्या आणि तिसऱ्या नावाशी थांबल्या. "हे नाव कशाच्या आधारे लागलं? खरेदीखत आहे, बक्षीसपत्र आहे, की नॉमिनेशन?" भाचीला माहीत नव्हतं. "मग ते आधी आणा, बाकीचं नंतर बघू." मला तिथल्या तिथे त्यांच्यावर विश्वास बसला. तुझ्या प्रकरणात पेन्सिल नेमकी तिथेच थांबणार आहे बघ.

पहिल्या भेटीत विचारायचं ते एवढं. सर्च किती वर्षांचा करणार? उत्तर तीस यायला हवं. ऑनलाइन इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा, बघूनच थांबणार, की जुन्या वर्षांसाठी कार्यालयातली पुस्तकंही बघणार? अहवाल लेखी, सही-शिक्क्याचा, वकिलीच्या सनदेच्या नंबरासह देणार ना? करारनाम्याचा मसुदा तुम्ही करणार, की समोरच्यानं केलेला तपासणार? आणि माझा आवडता प्रश्न: गेल्या वर्षभरात तुम्ही कुणाला "हे घर घेऊ नका" असं सांगितलंत का? का सांगितलंत? ज्याला यावर एकही उदाहरण आठवत नाही, त्याच्याकडून उठावं.

फी आधी ठरवून घे, ठोक रकमेत. किमतीच्या टक्क्यांत नको, आणि "सौदा झाल्यावर बघू" असं तर मुळीच नको. सौदा मोडला तरी त्याची फी त्याला मिळालीच पाहिजे. "घेऊ नका" म्हणायची मोकळीक तू त्याला त्या पैशांतून देतेस. फीचा सरकारी दर नसतो, माणसागणिक बदलते, दोन-तीन ठिकाणी विचार. एजंटला जे लाख-सव्वा लाख देणार आहेस त्याच्यापुढे ही रक्कम लहानच निघेल.

वारसांचा मामला असल्यानं वकील बहुधा जाहीर नोटीसही द्यायला सांगतील. तुझ्या सासऱ्यांना ती माहीत असणार. पेपराच्या आतल्या पानावर, मुंगीच्या अक्षरात, "तमाम लोकांस या जाहीर नोटिशीने कळविण्यात येते की" अशी सुरू होते आणि कुणाचा हक्क-संबंध असल्यास १४-१५ दिवसांत कळवा म्हणते. तिनं सगळं निर्धोक होतं असं नाही. बहीण तो पेपर वाचत नसेलही. पण पुढे वाद झालाच तर तुम्ही डोळे मिटून घर घेतलं नव्हतं, हे दाखवायला ती उपयोगी पडते.

सासऱ्यांचं म्हणणं उडवून लावू नकोस हं. १९९१ साली त्यांनी ओळखीच्या बिल्डरकडून घेतलं असेल, विकणारा आणि घेणारा एकमेकांच्या घरी गणपतीला जात असतील. ती ओळख हाच त्यांचा सर्च रिपोर्ट. तुमच्या आणि या मालकाच्या मध्ये तशी ओळख नाही, आहे तो एजंट.

राहता राहिला नवऱ्याचा मित्र. रेरामुळे खूप गोष्टी सुधारल्या, वाद नाही. रजिस्टर करारनामा केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त पैसे घेता येत नाहीत. चटई क्षेत्राची व्याख्या एक झाली. ताबा दिल्यावर पाच वर्षांत बांधकामात मोठा दोष निघाला तर तो बिल्डरनं स्वखर्चानं दुरुस्त करायचा. पण "काही बघावंच लागत नाही"? कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ इमारतींचं प्रकरण त्याला आठवत नसेल. महापालिकेच्या बनावट परवानग्या जोडून त्या इमारतींनी चक्क महारेराचे नंबर मिळवले होते. २०२४ च्या नोव्हेंबरात मुंबई उच्च न्यायालयानं त्या पाडायचे आदेश दिले. आत राहणारी माणसं तुमच्यासारखीच, नोकरी करणारी, कर्ज काढलेली. नंबर बघून घेतलं होतं त्यांनी. तेव्हा नवी स्कीम घेतलीत तरी वकील लागतोच. फक्त त्याचं काम बदलतं: जमिनीचा सातबारा, बिल्डर आणि जमीनमालक यांच्यातला विकसन करार, आणि परवानगी खरी आहे ना हे महापालिकेतून ताडून बघणं.

आता पैशांचा हिशेब, कारण तू विचारलंयस. कर्जाची रक्कम ३० ते ७५ लाखांच्या मध्ये असेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानं घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच कर्ज मिळतं. म्हणजे जास्तीत जास्त ४६ लाख ४० हजार. उरलेले ११ लाख ६० हजार तुमचे. मुद्रांक शुल्क पुण्यात ७ टक्के, ४ लाख ६ हजार. नोंदणी फी ३० हजार. हे दोन खर्च बँक किमतीत धरत नाही. एजंटचे १ लाख १६ हजार. बेरीज कर, सतरा लाखांच्या वर जाते. त्यात वकील, रंग आणि टेंपो आलेला नाही.

इथे एक तासभर सीए गाठ. दोन कारणांसाठी. घर फक्त तुझ्या एकटीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्क एक टक्क्यानं कमी होतं, ५८ हजार वाचतात. नवऱ्याचं नाव जोडलं की ही सवलत गेली. मग नवरा नुसता सहकर्जदार राहतो, आणि जो मालक नाही त्याला व्याजावरची करसवलत मिळत नाही. पण तुम्ही दोघं नव्या करप्रणालीत असाल तर राहत्या घराच्या व्याजाची वजावट तशीही मिळत नाही. तुमचे आकडे मला माहीत नाहीत, ते सीएसमोर मांडा. आणि हो, नाव कोणाचं हा केवळ कराचा विषय नसतो, ते घरी दोघांनी बसून बोला. दुसरं कारण टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा कर. किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असली की एक टक्का टीडीएस घेणाऱ्यानं कापून भरायचा असतो. तुमच्या बाबतीत ५८ हजार. हे पैसे विकणाऱ्याच्या रकमेतून जातात, पण भरायचे राहिले तर नोटीस तुला येते. विकणारे तीन-चार वारस निघाले तरी एकूण किंमतच धरतात, आणि प्रत्येकाच्या पॅनवर वेगळं भरावं लागतं. त्यातली कोणी बहीण अमेरिकेत-दुबईत असेल तर तिच्या हिश्शाला हा एक टक्क्याचा नियम लागूच होत नाही, बरंच जास्त कापावं लागतं. एजंट म्हणेल "होऊन जाईल". ते सीएनं करू दे.

इंजिनिअरचं थोडक्यात. १५ वर्षांच्या इमारतीला घाबरायचं कारण नाही, पण एखाद्या सिव्हिल इंजिनिअरला हजार-दोन हजार देऊन एकदा गच्ची, ड्रेनेजची डक्ट आणि बाथरूमच्या पलीकडची भिंत दाखव. नुकताच रंग मारलेला कोपरा दिसला तर तिथे हात लावून बघ. शक्य असेल तर पाऊस पडून गेल्यावर जा. पाण्याच्या टँकरवर सोसायटी महिन्याला किती खर्च करते, हे मात्र सेक्रेटरीपेक्षा वॉचमनला विचार.

उरला रविवार. दुसरी पार्टी थांबली आहे म्हणे. असेलही. मी आजवर जितकी घरं बघितली तितक्या वेळा एक दुसरी पार्टी थांबलेली होती. गेलं घर तर जाऊ दे. पण एजंटला आजच असा मेसेज टाक: "घर आवडलं आहे, ५८ ला आम्ही तयार आहोत. वकिलांचा सर्च झाल्यावर विसार पावती (टोकनची लेखी पावती) करू. तोवर या कागदांच्या झेरॉक्स पाठवा: बिल्डरपासूनचे सगळे करारनामे इंडेक्स टू सकट, शेअर सर्टिफिकेट दोन्ही बाजूंनी, वडिलांचा मृत्यूचा दाखला, मृत्युपत्र असल्यास ते, सगळ्या वारसांची नावं, बिनशेती आदेश, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, आणि कर्ज असेल तर बँकेचं पत्र." विकणारा खरा असेल तर दोन-तीन दिवसांत निम्मे कागद येतील. एजंट चिडला तर चिडू दे, संध्याकाळपर्यंत परत फोन करतो.

टोकन द्यायची वेळ आलीच तर दोन लाख नको. अकरा हजार, फार तर एकवीस. एजंटच्या हातात नाही, विकणाऱ्याच्या खात्यात, आणि विसार पावतीवर वकिलाकडून एक ओळ घालून घे: टायटल (मालकी हक्क) निर्धोक नसल्यास किंवा कागदांच्या कारणानं कर्ज नामंजूर झाल्यास पूर्ण रक्कम इतक्या दिवसांत परत. "इतक्या"च्या जागी आकडा लिहिलेला असू दे. कोरी जागा ठेवून सही करू नकोस.

वकिलाकडे जाशील तेव्हा सासऱ्यांना बरोबर ने. त्यांना वाचायला वेळ आहे आणि जुन्या सरकारी वळणाची मराठी त्यांना तुझ्यापेक्षा लवकर लागते. झेरॉक्सचे दोन संच कर. एक वकील ठेवून घेतात.